निर्वात नळीतली लाट : इलेक्ट्रॉनिक युद्धाचा प्रवर्धक

ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, अर्थात टीडब्ल्यूटी, ही मायक्रोवेव्ह लहरींची शक्ती हजारो पटींनी वाढवणारी निर्वात नळी आहे. लांबी सव्वा-दीड वीत, जाडी मनगटाएवढी आणि वजन किलो-दोन किलो. लढाऊ विमानावरच्या किंवा युद्धनौकेवरच्या जॅमरमध्ये ती बसवलेली असते. शत्रूच्या रडारला चकवणारा संकेत संगणक तयार करतो. पण तो कुजबुजीएवढा क्षीण असतो. त्याला दूरवर ऐकू जाईल असा आवाज ही नळी देते. घरातल्या रेडिओमधून निर्वात नळ्या जाऊन अर्धशतक होत आले, तरी इलेक्ट्रॉनिक युद्धात त्यांचे स्थान टिकून आहे. ते का टिकले आणि अशी नळी घडवणे इतके अवघड का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

रडार आणि जॅमर

रडार मायक्रोवेव्ह लहरींचे स्पंद आकाशात सोडते. विमानावर आदळून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याचे अंतर, दिशा आणि वेग काढले जातात. विमानापर्यंत जाताना लहर पसरते आणि विरळ होते. परत येतानाही तसेच होते. त्यामुळे प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. विमानावरच्या जॅमरची लहर मात्र एकाच बाजूने प्रवास करते, म्हणून ती अंतराच्या वर्गानेच घटते. लांबवर असताना जॅमरला मिळणारा फायदा हा असा आहे. थोड्या शक्तीतही तो खऱ्या प्रतिध्वनीला झाकून टाकतो.

हा फायदा विमान जवळ येईल तसा ओसरतो. अंतर निम्मे झाले की रडारला मिळणारा प्रतिध्वनी १६ पट होतो, पण जॅमरचा संकेत ४ पटच वाढतो. एका अंतरावर प्रतिध्वनी वरचढ ठरतो आणि रडारला विमान दिसू लागते. याला ‘बर्न-थ्रू’ म्हणतात. जॅमरची शक्ती जितकी जास्त, तितके हे अंतर कमी आणि वैमानिकाला मिळणारे संरक्षण जास्त. प्रवर्धकातून मिळणाऱ्या प्रत्येक वॉटचा हिशेब असा थेट जीविताशी जोडलेला आहे.

जॅमिंगचे प्रकार दोन. एकात रडारच्या वारंवारितेवर नुसता गोंगाट ओतला जातो, म्हणजे खरा प्रतिध्वनी त्यात बुडतो. दुसऱ्यात रडारचाच स्पंद पकडून, साठवून, थोडा उशिराने परत पाठवला जातो. रडारला विमान भलत्याच अंतरावर असल्याचा भास होतो. दोन्ही प्रकारांत शेवटी शक्तिशाली प्रवर्धक लागतोच.

कसा प्रवर्धक हवा

शत्रूचे रडार कोणत्या वारंवारितेवर चालेल हे आधी ठाऊक नसते. दूरवरून टेहळणी करणारी रडारे २ ते ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, तर क्षेपणास्त्रांना दिशा देणारी बरीचशी रडारे ८ ते १८ गिगाहर्ट्झच्या टप्प्यात काम करतात. आधुनिक रडार तर स्पंदागणिक वारंवारिता बदलते. म्हणून जॅमरच्या प्रवर्धकाला रुंद पट्टा सांभाळावा लागतो. ६ ते १८ गिगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी नेहमी वापरला जातो, आणि त्यात कुठेही शक्ती फारशी कमी पडून चालत नाही.

रडारमधल्या इतर नळ्यांना हे जमत नाही. मॅग्नेट्रॉन प्रचंड शक्ती देतो, पण तो एका ठरावीक वारंवारितेभोवती लहरी निर्माण करणारा आहे. क्लायस्ट्रॉन उत्तम प्रवर्धन करतो, पण त्याचे कप्पे एका सुरावर लावलेले असल्याने त्याचा पट्टा अरुंद. शक्ती, रुंद पट्टा आणि आटोपशीर वजन या तिन्ही गोष्टी टीडब्ल्यूटीने एकत्र आणल्या.

एका वास्तुविशारदाचा शोध

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी पुरेशा शक्तीने निर्माण करणे त्यामुळे शक्य झाले आणि विमानात मावतील अशी रडारे आली. त्याच विद्यापीठात काही काळाने रुडॉल्फ कॉम्पफ्नर दाखल झाले. ते मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९०९चा, शिक्षण वास्तुकलेचे. १९३४ मध्ये ते इंग्लंडला आले आणि बांधकामाच्या व्यवसायात पडले. भौतिकशास्त्राचा अभ्यास मात्र त्यांनी आवडीने, घरच्या घरी चालवला होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर परकीय नागरिक म्हणून त्यांना काही महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. पुढे ब्रिटिश नौदल विभागाने त्यांच्या ज्ञानाची दखल घेऊन त्यांना बर्मिंगहॅमला पाठवले.

क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत एका अरुंद फटीतून जाताना क्षणभरच लहरीच्या संपर्कात येतो. त्या क्षणात होणारी देवाणघेवाण थोडी असते. लहर आणि झोत बरोबरीने चालले तर ही देवाणघेवाण सगळ्या वाटेवर होत राहील, असा कॉम्पफ्नर यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिक्स, निवडले. १९४२च्या अखेरीस कल्पना कागदावर उतरली आणि १९४३ मध्ये पहिली नळी चालली. अमेरिकेत आंद्रेई हेफ आणि निल्स लिंडेनब्लाड यांनी त्याआधी अशा रचनांची पेटंटे घेतली होती. पण चालणारा प्रवर्धक आणि त्यामागची स्पष्ट जाण कॉम्पफ्नर यांच्याकडून आली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतले जॉन पिअर्स यांनी या नळीचा गणिती सिद्धांत मांडला. त्यांचा १९५०चा ग्रंथ आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रॉन गन आजही या क्षेत्राचा पाया आहे. १९५१ मध्ये कॉम्पफ्नरही बेल प्रयोगशाळेत गेले.

शांततेच्या काळातही या नळीने मोठे काम केले. १९६२ च्या ‘टेलस्टार’ या दळणवळण उपग्रहात ती होती. १९७७ मध्ये निघालेल्या ‘व्हॉयेजर’ यानांनी सूर्यमालेच्या कडेवरून पाठवलेले संदेशही अशाच नळ्यांनी वाढवलेले आहेत.

युद्धाने शिकवलेले धडे

जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवरील हल्ल्यात ब्रिटिश विमानांनी जर्मन रडारला चकवण्यासाठी धातूच्या वर्खाच्या पट्ट्या आकाशातून सोडल्या. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या या पट्ट्यांनी पडद्यावर खोट्या विमानांचे ढग उभे केले. युद्धानंतर फ्रान्समध्ये टीडब्ल्यूटीच्याच कुळातला ‘कार्सिनोट्रॉन’ तयार झाला. नुसते व्होल्टेज बदलून त्याची वारंवारिता झरझर बदलता येई. एकाच जॅमरने रुंद पट्टा व्यापण्याची सोय झाल्यामुळे रडार बांधणाऱ्यांना आपल्या रचना नव्याने तपासाव्या लागल्या.

व्हिएतनाम युद्धात २४ जुलै १९६५ रोजी सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-४ विमान पाडले. त्यानंतर पंखाखाली टांगायचे जॅमर घाईने तयार झाले आणि लढाऊ विमानांवर ते नेहमीचे झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलच्या जॅमरांना नव्या ‘सॅम-६’ क्षेपणास्त्राच्या रडारची तोड सापडली नाही. स्पंदांऐवजी अखंड लहर वापरणारे ते मार्गदर्शन वेगळ्याच वारंवारितेवर होते. क्षेपणास्त्रे आणि विमानविरोधी तोफांमुळे त्या युद्धात इस्रायलने सुमारे १०० विमाने गमावली. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या: प्रवर्धकाचा पट्टा रुंद हवा आणि त्याला स्पंद व अखंड लहर, दोन्ही पेलता आले पाहिजे.

नळी चालते कशी

नळीचे मुख्य भाग चार: इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी गन, लहर वाहून नेणारे हेलिक्स, झोताला सरळ वाटेवर ठेवणारी चुंबके आणि शेवटी झोत गोळा करणारा कलेक्टर.

गनमधला कॅथोड तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समजा त्यांना ५,००० व्होल्टने पुढे ढकलले, तर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ४२,००० किलोमीटर होतो. एका सेकंदात पृथ्वीला प्रदक्षिणा घालता येईल असा हा वेग असला, तरी तो प्रकाशाच्या वेगाचा सातवा भाग आहे. मायक्रोवेव्ह लहर तर प्रकाशाच्याच वेगाने धावते. दोघांनी बरोबरीने चालायचे, तर लहरीला आवरले पाहिजे.

हे काम हेलिक्स करते. घाटात गाडी वेगाने धावत असली, तरी वळणावळणाच्या रस्त्यामुळे नकाशावरचे सरळ अंतर हळूहळूच कापले जाते. हेलिक्समध्ये लहरीचे तसेच होते. वेटोळ्याचा व्यास १.७ मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्याची लांबी साधारण ५.३ मिलिमीटर भरते. दोन फेऱ्यांमधले अंतर पाऊण मिलिमीटर ठेवले की लहर तारेवरून ५.३ मिलिमीटर धावते तेव्हा नळीत पाऊण मिलिमीटरच पुढे सरकते. तिचा पुढे जाण्याचा वेग सातव्या हिश्श्यावर येतो आणि वेटोळ्याच्या मधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी जुळतो.

आता लहरीचे विद्युतक्षेत्र काही इलेक्ट्रॉनांना किंचित पुढे ढकलते, काहींना किंचित मागे ओढते. वेगवान झालेले पुढच्यांना गाठतात, मंदावलेले मागच्यांच्या वाटेत येतात. सुरुवातीला एकसंध असलेल्या झोतात इलेक्ट्रॉनांचे घोळके तयार होतात. झोताचा वेग लहरीपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे हे घोळके लहरीच्या अशा भागात सरकतात की तिथे क्षेत्र त्यांना रोखून धरते. रोखले गेलेले इलेक्ट्रॉन गतिज ऊर्जा गमावतात आणि ती लहरीला मिळते. लहर बळावली की घोळके आणखी दाट होतात, आणि दाट घोळके लहरीला आणखी बळ देतात. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या प्रवासात १० मिलिवॉटचा संकेत १०० वॉटचा होतो, म्हणजे १०,००० पट. अभियंते याला ४० डेसिबल म्हणतात.

हेलिक्सचे वैशिष्ट्य असे, की त्यावरून पुढे जाणाऱ्या लहरीचा वेग वारंवारिता बदलली तरी फारसा बदलत नाही. ६ गिगाहर्ट्झची लहर असो वा १८ गिगाहर्ट्झची, झोताशी तिची चाल जुळलेली राहते. टीडब्ल्यूटीच्या रुंद पट्ट्याचे मूळ या साध्या भूमितीत आहे.

कॅथोड : सच्छिद्र धातूचे मर्म

ही भूमिती वस्तूत उतरवताना प्रत्येक पायरीवर धातुशास्त्र, सिरॅमिक आणि हातकसबाची परीक्षा होते. सुरुवात कॅथोडपासून.

टंगस्टनची अतिसूक्ष्म पूड दाबून आणि भाजून तिची टिकली बनवतात. तिच्यात सुमारे एकपंचमांश जागा मुद्दाम पोकळ ठेवलेली असते. असा सच्छिद्र टंगस्टन कापायला ठिसूळ, म्हणून छिद्रांत आधी तांबे भरतात, टिकलीला अंतर्वक्र आकार देतात आणि मग तांबे काढून टाकतात. रिकाम्या छिद्रांत बेरियम, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण वितळवून मुरवले जाते. पृष्ठभागावर ऑस्मियम-रुथेनियमसारख्या दुर्मीळ धातूंचा पातळ थर चढवतात. कॅथोड साधारण १,००० अंश सेल्सियसला तापला की छिद्रांतून बेरियम हळूहळू पृष्ठभागावर येते आणि इलेक्ट्रॉन सुटणे सोपे करते. बेरियम जसे वर येते तसे उडूनही जाते. हा साठा कॅथोडचे आयुष्य ठरवतो. तापमान थोडे चढले तर आयुष्य घटते, उतरले तर प्रवाह कमी पडतो. छिद्रांचा आकार सर्वत्र सारखा नसेल, तर झोतही सारखा येत नाही.

हेलिक्स बसवण्याचे कसब

टंगस्टनची किंवा मॉलिब्डेनमची बारीक पट्टी दाभणाएवढ्या दांड्यावर गुंडाळून हेलिक्स तयार होते. दोन फेऱ्यांमधल्या अंतरातली मायक्रोमीटरची चूकही लहरीची चाल बिघडवते. शिवाय हे अंतर सगळीकडे एकच नसते. शेवटाकडे इलेक्ट्रॉन ऊर्जा देऊन मंदावलेले असतात. त्यांची साथ सुटू नये म्हणून तिथे फेरे मुद्दाम जवळ घेतात.

हे नाजूक वेटोळे धातूच्या नळकांड्यात तीन बारीक सिरॅमिक काड्यांच्या आधाराने बसते. काड्या बेरिलियम ऑक्साइडच्या किंवा बोरॉन नायट्राइडच्या असतात, कारण त्या वीज अडवतात आणि उष्णता जाऊ देतात. बेरिलियम ऑक्साइडची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते हाताळायला वेगळी व्यवस्था लागते. हेलिक्सची उष्णता या तीन काड्यांवाटेच बाहेर पडू शकते. काडी आणि वेटोळे यांचा स्पर्श जरा सैल राहिला, की तेवढा भाग तापून लाल होतो आणि नळी निकामी होते.

त्यामुळे हेलिक्स आत बसवण्याचा क्षण सगळ्यात जोखमीचा. एका पद्धतीत नळकांडे तापवून प्रसरण पावू देतात. तीन काड्यांच्या मधे धरलेले हेलिक्स तेवढ्या वेळात आत सरकवले जाते. थंड होताना नळकांडे आकसते आणि काड्यांना घट्ट आवळते. दुसऱ्या पद्धतीत गोल नळकांड्याला तीन बाजूंनी दाबून क्षणभर किंचित त्रिकोणी करतात. कोपऱ्यांत मिळालेल्या जागेतून काड्या आत जातात, दाब काढला की नळकांडे पुन्हा गोल होऊन त्यांना पकडते. दाब कमी पडला तर पकड सैल, जास्त झाला तर काडी तडकते किंवा वेटोळे दबते. आकृतीत लिहिता न येणारे हे ज्ञान अनुभवी तंत्रज्ञाच्या बोटांत असते.

चुंबके आणि कलेक्टर

एकाच भाराचे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांना मोकळे सोडले तर झोत फुलेल आणि हेलिक्सवर आदळेल. ५,००० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअरच्या झोतात १,००० वॉट शक्ती असते; तिचा थोडासा हिस्साही एका जागी पडला तर पट्टी वितळते. सुरुवातीच्या नळ्यांभोवती यासाठी जड विद्युतचुंबके होती. विमानात ती परवडत नाहीत. आता सॅमेरियम-कोबाल्टच्या छोट्या चकत्या नळीभोवती ओळीने बसवतात. प्रत्येक चकतीची दिशा शेजारणीच्या उलट असते. झोत आवळत आणि सुटत, पण एकंदरीत सरळ, वेटोळ्याच्या मधून पार होतो. सॅमेरियम-कोबाल्टची निवड उष्णतेमुळे होते. इतर बलवान चुंबके जिथे ढिली पडतात तिथेही त्याचे चुंबकत्व टिकते.

हेलिक्समधून बाहेर पडताना झोताने आपल्या ऊर्जेचा १० ते २० टक्के भागच लहरीला दिलेला असतो. उरलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळले, तर ती निव्वळ उष्णता होईल. म्हणून कलेक्टरमध्ये कमी-कमी व्होल्टेजचे तीन-चार टप्पे ठेवतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यात मंदावतात, हलकेच टेकतात आणि त्यांची बरीच ऊर्जा वीज म्हणून परत मिळते. उपग्रहांवरच्या अरुंद पट्ट्याच्या नळ्यांनी या युक्तीने ६० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली आहे. रुंद पट्ट्याच्या जॅमर-नळ्यांना तेवढे जमत नाही, तरीही त्यांची विजेची भूक आणि उष्णता यामुळे पुष्कळ घटते.

निर्वात राखणे

नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या हजारो कोटींव्या भागाइतका खाली आणावा लागतो. वायूचे उरलेले अणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयन बनतात, उलटे धावतात आणि कॅथोड खराब करतात. म्हणून प्रत्येक भाग रसायनांनी धुऊन, हातमोज्यांनी उचलून स्वच्छ खोलीत जोडला जातो. बोटाचा एक ठसाही पुढे महिनोन् महिने वायू सोडू शकतो. धातू आणि सिरॅमिकचे सांधे हायड्रोजनच्या भट्टीत ब्रेझिंगने जोडतात. चांदी आणि तांब्याचा ७२:२८ प्रमाणातला मिश्रधातू ७८० अंशांना वितळतो, फटीत शिरतो आणि हवाबंद सांधा तयार होतो. त्याआधीचे सांधे अधिक तापमानाला वितळणाऱ्या सोने-तांब्याच्या मिश्रधातूने केलेले असतात, म्हणजे नंतरच्या भट्टीत ते सुटत नाहीत.

हेलियमचा झोत सोडून गळती तपासल्यावर नळी पंपाला जोडून ४५० ते ५०० अंशांवर कित्येक तास भाजली जाते, म्हणजे धातूत मुरलेला वायू बाहेर पडतो. मग कॅथोड हळूहळू तापवून जागा केला जातो. शेवटी पंपाकडे जाणारी तांब्याची नळी जबरदस्त दाबाने चिमटली जाते. तांबे तांब्याला तिथल्या तिथे जुळते आणि निर्वात कायमचे बंद होते. यानंतर नळी उघडून दुरुस्त करणे जवळपास अशक्यच. आधीच्या शंभर पायऱ्यांतली एखादी चूक इथे कळली, तर सगळे काम वाया जाते.

रुंद पट्ट्याचे धोके

इलेक्ट्रॉनिक युद्धासाठी लागणारा रुंद पट्टा स्वतःच्या अडचणी आणतो. ६ गिगाहर्ट्झचा संकेत वाढवताना त्याची दुप्पट, म्हणजे १२ गिगाहर्ट्झची उपलहरही झोतात जन्म घेते. तीही नळीच्या पट्ट्यातच असल्याने आपोआप वाढते आणि मुख्य संकेताच्या वाट्याची शक्ती खाते. नळकांड्याच्या आत धातूच्या बारीक पाकळ्या लावून वेगवेगळ्या वारंवारितांच्या लहरींची चाल नेमकी घडवणे, हा त्यावरचा मुख्य उपाय.

दुसरा धोका दोलनांचा. बाहेर पडण्याच्या टोकाकडून थोडी लहर परावर्तित होऊन मागे येते, पुन्हा वाढते, आणि प्रवर्धक स्वतःच लहरी निर्माण करू लागतो. ते रोखण्यासाठी मधल्या भागात सिरॅमिक काड्यांवर कार्बनचा पातळ लेप देतात. तिथे लहर शोषली जाते. मात्र झोतातले घोळके टिकून राहतात आणि पुढच्या भागात नवी लहर उभी करतात. लेपाची जाडी टोकांना हळूहळू विरत गेली पाहिजे, नाहीतर लेपावरूनच परावर्तन होते.

तिसरी अडचण उंचीची. विरळ हवेत हजारो व्होल्टची वीज सहज ठिणगी टाकते. त्यामुळे वीजपुरवठ्याचे जोड विशेष रबर किंवा राळेत बंदिस्त करतात. त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी उड्डाणात बिघाड होऊ शकतो. शिवाय कॅथोड तापायला काही मिनिटे लागतात, म्हणून मोहिमेवर निघालेल्या विमानात नळी आधीपासून तापवून सज्ज ठेवली जाते.

चिप आणि नळी

गॅलियम नायट्राइडच्या चिप्सनी गेल्या दोन दशकांत मोठी झेप घेतली आहे. शेकडो लहान प्रवर्धक एका पटलावर मांडून त्यांच्या लहरी एकाच दिशेला वळवणारे जॅमर आता आले आहेत. अमेरिकी नौदलाच्या नव्या पिढीच्या जॅमरमध्ये हेच तत्त्व आहे. एखादी चिप बंद पडली तरी बाकीच्या काम करतात, आणि हजारो व्होल्टची गरजही राहत नाही.

नळीची बाजू उष्णतेत भक्कम ठरते. चिपमध्ये इलेक्ट्रॉन घन पदार्थातून वाट काढतात आणि सगळी उष्णता केसाएवढ्या जागेत निर्माण होते. नळीत ते पोकळीतून निर्वेध धावतात; उष्णता मुख्यतः कलेक्टरमध्ये, म्हणजे लहरीपासून दूर, निर्माण होते आणि तिथून काढणे सोपे जाते. एकाच अँटेनाला छोट्या जागेतून १०० वॉट किंवा त्याहून अधिक शक्ती रुंद पट्ट्यावर पुरवायची असेल, तेव्हा नळी अजूनही समर्थ पर्याय आहे.

दोघांचे बळ एकत्र आणणारी रचना म्हणजे मायक्रोवेव्ह पॉवर मॉड्यूल, एमपीएम. अमेरिकेत १९९० च्या दशकात ती आकाराला आली. प्रवर्धनाचा पहिला अर्धा भाग चिप करते, दुसरा अर्धा आखूड टीडब्ल्यूटी, आणि दोघांचा वीजपुरवठा त्याच पेटीत असतो. निम्मेच प्रवर्धन करायचे असल्याने नळी लहान होते, तिचा पट्टा आणि कार्यक्षमता सुधारते. जाडजूड पुस्तकाएवढी ही पेटी विमानात, नौकेवर किंवा मानवरहित यानातही बसते.

भारतातील प्रयत्न

असे तंत्र मोजक्या देशांकडे आहे आणि ते सहजासहजी कुणाला दिले जात नाही. जॅमरच्या नळीची वारंवारिता आणि शक्ती विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणजे घेणाऱ्याच्या बचावाची मर्यादाही त्याला ठाऊक असते. युद्धाच्या तोंडावर पुरवठा थांबला, तर जॅमर असूनही नसल्यासारखे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतीय संरक्षण प्रयोगशाळांवर निर्बंध घातले, तेव्हा परावलंबनाची किंमत उघड झाली.

राजस्थानात पिलानी येथे १९५३ मध्ये पायाभरणी झालेल्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे सीरीत, मायक्रोवेव्ह नळ्यांवर दीर्घकाळ काम चालले आहे. उपग्रहांसाठीच्या नळ्यांवरही तिथे संशोधन झाले. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठाने या विषयाचा सिद्धांत शिकवणारी परंपरा उभी केली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने, म्हणजे डीआरडीओने, १९८४ मध्ये बेंगळुरूत मायक्रोवेव्ह ट्यूब संशोधन व विकास केंद्र, एमटीआरडीसी, सुरू केले. ते भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जालहळ्ळी येथील परिसरात आहे. ही निवड विचारपूर्वक केलेली: संशोधकाने रचना करावी आणि उत्पादकाने भिंतीपलीकडे ती बनवावी. रुंद पट्ट्याच्या हेलिक्स नळ्या आणि एमपीएम तिथे विकसित झाले. हैदराबादची संरक्षण इलेक्ट्रॉनिकी संशोधन प्रयोगशाळा, डीएलआरएल, इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या संपूर्ण प्रणाली घडवते. अशा प्रणालींना लागणारे प्रवर्धक देशात मिळणे हे या साखळीचे उद्दिष्ट आहे.

महाराष्ट्रातही या विद्येची एक शाखा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्ह गटातून वाढलेली ‘समीर’ ही संस्था १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पवईच्या आयआयटी परिसरातल्या तिच्या प्रयोगशाळेने कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी रेषीय त्वरक यंत्रे बनवली. त्या यंत्रांना लागणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मॅग्नेट्रॉनसारख्या निर्वात नळीतूनच येतात. निर्वात, ब्रेझिंग आणि कॅथोड यांचे हे ज्ञान रणांगणाइतकेच रुग्णालयालाही उपयोगी पडते.

टीडब्ल्यूटीचा सिद्धांत १९५० पासून छापील पुस्तकात उपलब्ध आहे. तरीही ती बनवू शकणारे देश बोटांवर मोजण्याइतकेच राहिले, कारण सच्छिद्र टंगस्टनची टिकली, आवळून बसवलेले हेलिक्स आणि न गळणारा सांधा पुस्तकातून मिळत नाहीत. ते वर्षानुवर्षे भट्टीपाशी उभे राहिलेल्या माणसांकडून पुढच्या माणसांकडे जातात. पदार्थविज्ञान आणि धातुशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी, तसेच हाताने नेमके काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी या क्षेत्राकडे वळावे, आणि त्यांना तिथे मानाने टिकता यावे, अशी सोय देशाने केली पाहिजे. कारण हे कसब एकदा हातचे गेले, तर ते परत मिळवायला आणखी एक पिढी खर्ची पडते.